फ्लोरिडाचा फड आणि आपला फड



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी कचेरीच्या खिडकीपाशी एकच प्रश्न ऐकू येतो : "साहेब, आमच्या उसाला कोयता कधी?" उसाची नोंद झालेली असते, लागणीची तारीख वहीत असते, पाळीही आलेली असते, पण फडात माणूस नसतो. आडसाली उसाला तुरा येतो, कांडी पोकळ पडू लागते, वजन घटते, खोडव्याचे गणित चुकते आणि गव्हाचे रान मोकळे होत नाही. "आवंदा माणूसच घावंना," असे म्हणून आपण सुस्कारा टाकतो आणि घरी येतो.

हे दुखणे एकट्या आपल्याच शिवारातले आहे, असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातला शेतकरीही आज हेच म्हणतो आहे. अमेरिकेत संत्री तोडायला, तंबाखू खुडायला, भाजी काढायला गावातला माणूस मिळत नाही. मग तो परदेशातून हंगामापुरता माणूस आणतो. त्यासाठी सरकार जो तात्पुरता परवाना देते त्याला 'एच-टू-ए व्हिसा' म्हणतात. हा व्हिसा कसा असावा, त्यात काय बदलावे, यावर तिकडे वर्षानुवर्षे वाद चालू आहे.

आपल्याला त्या व्हिसाशी काय करायचे, असे कुणी म्हणेल. करायचे आहे, कारण या व्हिसाची परीक्षा आधी उसाच्याच फडात झाली. पन्नास वर्षे अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात आपल्यासारखाच ऊस बाहेरून आणलेल्या माणसांनी कोयत्याने तोडला. त्या पन्नास वर्षांत काय घडले, ते ऊस पिकवणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावे असे आम्हांला वाटते.

तळ्याकाठचा ऊस

फ्लोरिडात ओकीचोबी नावाचे भले मोठे तळे आहे. त्याच्या दक्षिणेला दलदल आटवून काढलेली काळी, भुसभुशीत जमीन आहे. तिथे ऊस जोमदार येतो. क्लुइस्टन आणि बेल ग्लेड ही तिथली ऊसगावे. तिथे मोठ्या खाजगी कंपन्या आहेत, तशीच १९६० साली स्थापन झालेली ऊस उत्पादकांची एक सहकारी संस्थाही आहे.

सुरुवातीला हा ऊस अमेरिकेच्या दक्षिणेकडचे काळे मजूर तोडत. काम इतके जिवावरचे आणि वागणूक इतकी वाईट, की १९४२ साली तिथल्या एका मोठ्या कंपनीवर मजुरांना डांबून ठेवल्याचा आरोप सरकारनेच ठेवला. तो खटला पुढच्या वर्षी कोर्टात टिकला नाही. पण बातमी पसरली आणि महायुद्धाच्या दिवसांत शहरात दुसरे काम मिळू लागल्यावर माणसे फडाकडे फिरकेनात. तेव्हा १९४३ साली वेस्ट इंडीज बेटांवरून, मुख्यतः जमैका आणि बहामातून, माणसे आणायला सुरुवात झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १९४२ मध्ये, अमेरिकेने मेक्सिकोशीही असाच करार केला होता. त्या मजुरांना 'ब्रासेरो' म्हणत.

१९५२ साली अमेरिकेने परदेशी लोकांच्या येण्याजाण्याचा नवा कायदा केला आणि त्यात हंगामी मजुरांसाठी 'एच-टू' हा वर्ग घातला. पुढे १९६० मध्ये अमेरिकेने क्यूबाची साखर घेणे बंद केले. ती तूट भरून काढायला फ्लोरिडात उसाचे क्षेत्र झपाट्याने वाढले. ऊस वाढला तसे कोयतेही वाढवावे लागले. १९७० आणि १९८० च्या दशकांत दर हंगामाला आठ-दहा हजार माणसे विमानाने येत आणि हंगाम संपला की परत जात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जमैकात १८४५ पासून हिंदुस्थानातले करारी मजूर उसासाठीच नेले गेले होते. त्याच काळात आपल्या कोकणातली माणसे मॉरिशसच्या उसात गेली. त्या कराराला आपले लोक 'गिरमिट' म्हणत. म्हणजे उसाच्या कामासाठी माणसाला करारात बांधून दूर नेणे, ही रीत नवी नाही. साखर गोड असली तरी तिच्या मागचा हा इतिहास कडू आहे.

करार कागदावर आणि करार फडात

एच-टूचा करार कागदावर बघितला तर नाव ठेवायला जागा नव्हती. मालकाने आधी अमेरिकन माणूस शोधायचा. तो मिळाला नाही तरच परदेशी माणूस आणायचा. सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा कमी मजुरी द्यायची नाही. राहायला जागा फुकट. आपल्याकडच्या कोपीत पाचटावर झोपणाऱ्या माणसाला हे ऐकून हेवाच वाटेल.

फडातली गोष्ट मात्र वेगळी होती. तोडणाऱ्याला सरी नेमून दिली जाई आणि त्या सरीचा दर त्या दिवशी सकाळी मुकादम सांगे. त्यांचाही एक मुकादमच होता, हे लक्षात घ्या. ऊस आधी पेटवून घेत. मग काजळीत उभे राहून, नडगीला आणि हाताला अॅल्युमिनियमची पट्टी बांधून, कोयत्याने जमिनीलगत तोड करायची. पट्टी असूनही पायावर घाव पडत. दिवसाला साधारण आठ टन तोड व्हावी, अशी अपेक्षा असे. हात मंद पडला तर त्या दिवसापुरते कामावरून काढून तळावर धाडत. वारंवार तसे झाले किंवा तोंड उघडले तर थेट विमानात बसवून घरी.

खरी मेख इथेच होती. त्या माणसाच्या व्हिसावर एकाच मालकाचे नाव. शेजारच्या मळ्यात टनाला दोन पैसे जास्त मिळतात म्हणून तो तिकडे जाऊ शकत नव्हता. मालक सोडला की देश सोडायचा. आणि जमैकात तर हे काम मिळवायलाच वशिला लागे. तिथले आमदार आपापल्या माणसांना त्यासाठी चिठ्ठ्या वाटत. एकदा परत पाठवला गेलेला माणूस पुन्हा त्या यादीत येणे कठीण. घरी पोरेबाळे वाट बघत असताना असा माणूस दर कमी आहे म्हणून बोलेल कसा? मजुरीतला काही भाग सक्तीने कापून परस्पर मायदेशी पाठवला जाई, तोही तो गप्प बसून सोसत असे.

एकदा मात्र माणसे बोलली. नोव्हेंबर १९८६ मध्ये तळ्याकाठच्या एका मळ्यात सरीच्या दरावरून तोडणाऱ्यांनी कोयते खाली ठेवले. मालकाने पोलीस बोलावले. पोलीस कुत्री घेऊन आले. शेकडो माणसांना बसमध्ये भरले, विमानतळावर नेले आणि जमैकाला पाठवून दिले. पुष्कळांना आपली वळकटीही उचलता आली नाही.

योगायोग असा, की त्याच महिन्यात अमेरिकेत नव्या कायद्यावर सही झाली. त्याने एच-टूचे दोन भाग केले आणि शेतीच्या भागाला 'एच-टू-ए' हे नाव मिळाले. नाव बदलले, पण माणूस एका मालकाला बांधलेला राहिला.

टनाचा हिशेब

१९८९ साली फ्लोरिडात तोडणाऱ्यांच्या वतीने एक मोठा दावा दाखल झाला. वाद काय होता? तर टनाला किती, हा. मजुरांचे म्हणणे असे, की करारातला ताशी दर ५ डॉलर ३० सेंट आणि आठ तासांत आठ टनांची अपेक्षा. म्हणजे टनाला ५ डॉलर ३० सेंट झाले. मालकांचे म्हणणे, असे वचन आम्ही दिलेच नव्हते. ताशी दर पुरा दिसावा म्हणून कामाचे तास वहीत कमी लिहिले जातात, असाही मजुरांचा आरोप होता. १९९२ साली न्यायाधीशांनी मजुरांच्या बाजूने पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल दिला. अपिलात तो फिरला. पुढे वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे खटले चालले आणि बहुतेक ठिकाणी मजुरांच्या हाती फारसे काही आले नाही.

सभासद बंधूंनो, हजारो माणसे वर्षानुवर्षे ऊस तोडत होती आणि एका टनाचा दर काय ठरला, हे सांगणारा साधा सोपा कागद त्यांच्या हातात नव्हता. नाहीतर इतकी वर्षे कोर्टात काढायची वेळ आलीच नसती.

मग यंत्र आले

फ्लोरिडाचे मालक वर्षानुवर्षे सांगत, की आमची जमीन मऊ, आमचा ऊस लोळतो, यंत्र चालणार नाही, माणूसच हवा. तिकडे ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकातच सारा ऊस यंत्राने निघू लागला होता. फ्लोरिडात तसे झाले नाही, कारण बांधलेला माणूस यंत्रापेक्षा स्वस्त होता. खटले लागले, वर्तमानपत्रांत छी-थू झाली, माणूस महाग पडू लागला, आणि मग त्याच मऊ जमिनीत यंत्र चालू लागले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथला जवळजवळ सगळा ऊस हार्वेस्टरने निघत होता. जमैकाच्या तोडणाऱ्यांचा तो रोजगार कायमचा संपला.

मेक्सिकोच्या ब्रासेरो कराराचेही असेच झाले होते. तो १९६४ अखेर बंद झाला तेव्हा कॅलिफोर्नियाचे टोमॅटोवाले म्हणाले, आता आमचा धंदा बुडाला. पण काही वर्षांतच कारखान्याला जाणारा टोमॅटो यंत्राने निघू लागला आणि उत्पादन वाढले. मजुरी वाढेल अशी ज्यांना आशा होती त्यांच्या पदरी मात्र फारसे पडले नाही. म्हणजे नुसता बाहेरचा माणूस बंद करून मजुराचे भले होत नाही, आणि नुसता बाहेरचा माणूस आणून शेतकऱ्याचे दुखणे मिटत नाही.

आज तिकडे काय चालले आहे

ऊस यंत्राकडे गेला, पण बाकीच्या पिकांसाठी एच-टू-ए वाढतच गेला. २००५ च्या सुमारास वर्षाला अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास जागा मंजूर होत. २०२३ साली त्या पावणेचार लाखांच्या वर गेल्या. येणारे बहुतेक जण मेक्सिकोचे. राहायला जागा, येण्याजाण्याचे भाडे आणि कराराच्या किमान तीन-चतुर्थांश कामाची हमी मालकाने द्यायची असते. काम मिळवून देण्यासाठी मजुराकडून पैसे घ्यायला नियमाने बंदी आहे. तरी गावातल्या दलालाला देण्यासाठी कर्ज काढून निघालेली माणसे असतातच. कर्ज घेऊन आलेला माणूस वाईट मालकाकडेही टिकून राहतो, कारण रिकाम्या हाताने घरी जाणे त्याला परवडत नाही.

मालकांचीही तक्रार खोटी नाही. कागदपत्रे फार, खर्च फार, आणि माणूस वेळेवर पोहोचला नाही तर पीक शेतातच कुजते. दूध धंद्याला हा व्हिसा मिळत नाही, कारण गायी बारा महिने दूध देतात आणि व्हिसा हंगामापुरता आहे. या दोन्ही बाजूंचा मेळ घालणारे एक विधेयक २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली अमेरिकेच्या खालच्या सभागृहात मंजूर झाले. वरच्या सभागृहात दोन्ही वेळा अडकले. २०२५ च्या ऑक्टोबरात तिथल्या सरकारने मजुरीचा दर ठरवण्याची पद्धत बदलली, त्यावरूनही मोठा गदारोळ झाला.

या सगळ्या गोंधळात आम्हांला एक सुधारणा महत्त्वाची वाटते. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने मजुराला काम सुटल्यावर साठ दिवसांपर्यंत त्या देशात राहून दुसरा मालक शोधता येतो. नव्या मालकाने अर्ज केला की त्याच्याकडे कामही सुरू करता येते. १९५२ पासून जी गाठ घट्ट होती ती थोडी सैल झाली. माणसाला जाण्याची मुभा असली की मालकाला त्याला राखावे लागते; नुसते धरून ठेवून भागत नाही.

आता आपल्या फडाकडे

आपल्याकडे व्हिसा नाही. बीड, अहिल्यानगर, जालना भागातला माणूस आपल्याच राज्यातला आहे. पण त्याच्या पायात दोर आहेच, आणि त्या दोराचे नाव उचल. दसऱ्याच्या आधी मुकादम गावात पैसे वाटतो. लग्न, दवाखाना, जुने देणे यांत ते पैसे जातात आणि जोडपे सहा महिने त्या पैशाला बांधले जाते. हंगाम संपला तरी फिटले नाही तर पुढच्या वर्षाला बांधले जाते. आगाऊ रकमेपोटी माणसाला बांधून ठेवायला १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बंदी आहे, हे आपण विसरून चालणार नाही.

आता कुणी सभासद म्हणेल, "आमचीच पोरं बुडाली त्याचं काय?" हेही खरे आहे. ट्रॅक्टर कर्जावर घ्यायचा, मुकादमाला लाखांनी उचल द्यायची आणि ऐन दिवाळीत कळायचे की त्याने आणखी दोन कारखान्यांकडून उचल घेतली आहे आणि त्याचा फोन बंद आहे. आपल्या भागातली किती वाहनमालक घरे या पायी बुडाली, ते आपण डोळ्यांनी बघितले आहे. पण नीट विचार केला तर हे एकाच दोराचे दुसरे टोक आहे. माणूस मिळवण्याचा मार्गच जर उचल देऊन बांधणे हा असेल, तर उचलीचाच धंदा होणार. इकडच्या टोकाला वाहनमालकाला काच बसतो, तिकडच्या टोकाला कोयत्याला. दोर मधल्याच्या हातात राहतो.

जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात शेकडा ३४ वाढ ठरली. टनाला २७३ रुपये होते ते ३६६ झाले आणि मुकादमाचे कमिशन शेकडा १९ वरून २० झाले. वाढ योग्यच होती. पण हे ३६६ रुपये कोयत्याच्या हातात पोहोचले का, हे कोण बघतो? वजनाची पावती गाडीची निघते, मुकादमाच्या नावाने जमा होते. ज्या बाईने मोळी बांधून डोक्यावरून गाडीत चढवली, तिचे नाव कुठल्याच वहीत नसते. फ्लोरिडात सारे पुरुषच तोडायला येत. आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, पण हिशेब एकाचाच आणि तोही मुकादमाच्या वहीत. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भपिशवी काढण्याची प्रकरणे २०१९ साली गाजली. पाळी आली, दुखणे आले म्हणून खाडा झाला की दंड, ही भीती त्यामागे होती, असे त्या बायकांनीच सांगितले. ते वाचून आपल्यापैकी कुणाची मान खाली गेली नसेल?

हार्वेस्टर येत आहेत, येऊ द्यात. २०२३ साली सरकारने त्यासाठी अनुदानही जाहीर केले. पण यंत्राला साडेचार-पाच फुटांची सरी लागते, सलग क्षेत्र लागते, आणि आपल्यातल्या बहुतेकांचे रान एकर-दीड एकराचे. पावसाने ओल राहिली की यंत्र बांधावरच उभे. म्हणून पुढची बरीच वर्षे कोयता लागणारच आहे. तो कसा राखायचा, हा प्रश्न आहे.

आम्हांला काय वाटते

फ्लोरिडाच्या कंपन्यांचे मालक दूरच्या शहरांत होते. आपल्या कारखान्याचे मालक आपण आहोत. म्हणून पुढील गोष्टी आपणच सर्वसाधारण सभेत ठरवू शकतो, असे आम्ही सुचवतो.

पहिली गोष्ट, वजनाची चिठ्ठी कोयत्यागणिक मिळावी. टन किती, दर किती, कपात किती, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत. एक प्रत जोडप्याकडे. दुसरी, उचल दिली तर ती मुकादमाच्या वहीत न राहता जोडप्याच्या दोघांच्या नावे पासबुकात यावी. फिटली की दाखला मिळावा आणि माणूस मोकळा. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कारखान्याकडे गेला तर जाऊ द्यावा. यात वाहनमालकाचाही बचाव आहे, कारण एकाच नावावर दोन कारखान्यांची उचल असेल तर ती लगेच दिसेल. तिसरी, तळावर पाणी, दिवा आणि बायकांसाठी आडोशाचे संडास-न्हाणी असावे. कारखाने टनामागे दहा रुपये ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी भरतात. ते पैसे आपल्या तळापर्यंत कधी आणि कसे येतात, हे आपण संचालकांना विचारले पाहिजे.

चौथी गोष्ट आपल्या प्रत्येकाची आहे. तोड आली की खुशाली मागितली जाते म्हणून आपण चिडतो आणि ते चिडणे रास्तही आहे. पण हिशेब उघडा झाला आणि पैसे पुरते हातात पडले तर खुशाली नाकारायला आपल्याला तोंड राहील. तोवर ती बंद होणे अवघड आहे.

फ्लोरिडात पन्नास वर्षे माणूस मिळत होता. तो कधी कमी पडला नाही, कारण त्याला जाताच येत नव्हते. आणि ज्या दिवशी त्याला बांधून ठेवणे महाग पडू लागले, त्या दिवशी मालकाला त्याची गरजही उरली नाही. आपल्याला हा रस्ता नको आहे. आपल्या कोयत्याने दरवर्षी स्वखुशीने आपल्याच तळावर गाडी सोडावी, आणि ज्याला यायचे नाही त्याला न येण्याची मुभा असावी, अशी आमची इच्छा आहे. "तिथं हिशेब चोख आहे," असे एका कोयत्याने दुसऱ्याला सांगितले, की उचलीपेक्षा तो निरोप पुढच्या दसऱ्याला जास्त माणसे आणेल.

सभासदांनी या विषयावरील आपले विचार गट कार्यालयातील चिटबॉयकडे किंवा शेतकी कचेरीत लेखी द्यावेत. कुणाला लिहिणे जमत नसेल त्याने तोंडी सांगितले तरी चालेल. आम्ही ते लिहून घेऊ आणि सभेपुढे ठेवू.

कळावे.